नवऱ्याच्या गेमचा आकडा

ऑफिसात तिला सगळे वेधशाळा म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं. वेधशाळेने पाऊस सांगितला की खुशाल छत्री घरी ठेवून निघावं, ही थट्टा कोणाला ठाऊक नाही? पण हिचं गाडं उलटं होतं. हिने सांगितलेला पाऊस पडायचा, आणि सांगितला तेवढाच पडायचा.

कंपनी व्हिडिओ गेम बनवायची. टीव्हीला कन्सोल जोडून खेळायचे, मोठाले, महागडे, एकेक बनवायला चार-चार वर्षं खाणारे. गेम बाजारात यायच्या आधी, पहिल्या महिन्यात त्याच्या किती प्रती खपतील हे सांगायचं काम वेधशाळेचं. त्या आकड्यावर पुढचं सगळं हलायचं. किती डिस्क छापायच्या, किती डबे भरायचे, कोणत्या शहराकडे किती पेट्या रवाना करायच्या. आकडा फुगला तर डबे गोदामात धूळ खात पडणार. आकडा आखडला तर दुकानात आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत जाणार नाही, तेवढ्याच पैशात शेजारच्या फळीवरचा दुसऱ्या कंपनीचा गेम उचलून नेणार. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवरून वेधशाळेने सगळ्या कंपनीला हाताला धरून न्यायचं.

गंमत अशी की तिला स्वतःला गेम खेळता यायचा नाही. हातात कंट्रोलर दिला की तिचा नायक भिंतीला नाक लावून जागच्या जागी पळत राहायचा. "पोहता येत नाही म्हणून काय झालं, नदीला पूर कधी येणार ते कळतं ना?" असं ती म्हणायची.

त्या वर्षी आकडा काढायचा होता 'वणवा'चा. 'वणवा' म्हणजे कंपनीची दुभती गाय. ड्रॅगनांनी जाळलेलं राज्य, ते विझवत गावोगाव फिरणारी एक बाई, आणि तिचं एक हट्टी खेचर. या गोष्टीचे पाच भाग निघाले होते आणि पाचही भागांनी कंपनीचं घर भरलं होतं. आता सहावा. त्याला ठरल्यापेक्षा वर्षभर उशीर झाला होता. दोन छोटे गेम मधल्या काळात आपटले होते, त्यामुळे सहाव्या भागाने तारलं तर तारलं, नाहीतर सगळ्यांनीच नवी नोकरी बघायची अशी कुजबुज कॉफीच्या यंत्रापाशी चालायची.

आणि त्या सहाव्या भागातल्या एकूण एक जनावराची चाल वेधशाळेच्या नवऱ्याने बसवली होती.

तो त्याच कंपनीत अॅनिमेटर होता, तिसऱ्या मजल्यावर. ती पाचव्या. मधल्या चौथ्या मजल्यावर मानवसंसाधनवाले बसायचे आणि त्यांनी या नवरा-बायकोला समोर बसवून नियम वाचून दाखवला होता. आकडा बाहेर फुटता कामा नये, आणि ज्यांनी गेम बनवला त्यांच्या कानावर तर मुळीच जाता कामा नये. दोघांनी शहाण्या मुलांसारख्या माना हलवल्या होत्या.

घरी आल्यावर शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहायचं.

"नुसती मान हलव," नवरा जेवताना म्हणायचा. "चाळीस लाखांच्या वर?"

"मीठ दे."

"मीठ दे म्हणजे हो का नाही?"

"मीठ दे म्हणजे मीठ दे. आमटी अळणी झालीय."

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. मुलाने चार वर्षं नेमकं काय केलं याची त्यांना फारशी कल्पना नव्हती, पण ते पास होणार की नापास, हे सुनेच्या हातात आहे एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. नवरा आंघोळीला गेला की त्या हळूच स्वयंपाकघरात यायच्या.

"मला कानात सांग. मी कोणाला सांगणार आहे? माझ्या मैत्रिणी निम्म्या बहिऱ्या आहेत."

"आई, माझी नोकरी जाईल."

"बरं, सांगू नकोस. पण त्याला थोडे वाढवून दे गं. पोराने फार मेहनत केलीय."

"मी मार्क नाही देत आई. किती लोक घेतील ते सांगते."

"तेच ते," सासूबाई म्हणायच्या आणि भाजीचं पातेलं उगाचच एकदा ढवळून जायच्या.

आता आकडा काढणं म्हणजे काही हवेत तीर मारणं नव्हे. किती घरांत कन्सोल आहे, आगाऊ नोंदणी किती झाली, जाहिरातीची फीत किती जणांनी शेवटपर्यंत पाहिली आणि किती जणांनी मध्येच बंद केली, मागचा भाग विकत घेऊन किती जणांनी तो पुरा खेळला, त्याच महिन्यात दुसऱ्या कोणाचा मोठा गेम येतोय का, असं सगळं चाळणीतून गाळून तिचा हिशोब उभा राहायचा. या खेपेला तो उभा राहिला चव्वेचाळीस लाखांवर.

ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला आनंद झाला. आनंद झाला म्हणूनच ती दचकली.

त्याच सकाळी लिफ्टमध्ये विक्रीप्रमुख भेटले होते. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे, म्हणून ऑफिसात त्यांना ढोल म्हणत. लिफ्टमध्ये आठ माणसं असताना ढोल म्हणाले होते, "काय वेधशाळा, यंदा तर घरचंच कार्य! यजमानांच्या खेळाचा आकडा दणदणीत असणार!" आठही माणसं हसली होती. तीही हसली होती, पण ते वाक्य मेलं दिवसभर कानात वाजत राहिलं.

चव्वेचाळीसकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचार केला, गेमला वर्षभर उशीर झालाय, लोक वाट बघून कंटाळले असतील. कंटाळ्याचा काहीतरी हिशोब धरायला हवा. तो धरला. आकडा खाली सरकला. अजून थोडा धरला. आकडा अडतीस लाखांवर आल्यावर तिच्या जिवाला स्वस्थता आली. अडतीस बघून कोणी म्हणणार नव्हतं की बायकोने नवऱ्याचं पारडं जड केलं.

बैठकीत संचालकांनी अडतीस ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. संचालक भला माणूस. कंपनी त्यांनी एका खोलीतून उभी केली होती आणि अजूनही कुठलाही निर्णय घेताना ते भाजी घ्यायला आल्यासारखे घेत.

"अडतीसच?" ते म्हणाले. "थोडं वर नाही का सरकणार?"

"नाही सर."

"वेधशाळेने दुष्काळ सांगितला म्हणायचा," ढोल म्हणाले, पण या वेळी आवाज नरम होता. घरचं कार्य असून आकडा एवढासा, म्हणजे बाई नक्की खरं बोलतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिला बरं वाटलं.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. संचालकांच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिसऱ्या मजल्यावर सगळ्या टोळीला धीर द्यायला म्हणून ते गेले आणि बोलता बोलता बोलून गेले, "आपली वेधशाळा अडतीस म्हणतेय, पण आपण खचून जायचं नाही!" तोवर तिथे खचलं कोणीच नव्हतं. ते ऐकून सगळे एकदम खचले.

संध्याकाळी नवरा तिच्या आधी घरी आला होता. ती आली तर तो ओट्यापाशी कांदा चिरत होता. चिरलेल्या कांद्याचा डोंगर झाला होता. एवढा कांदा त्या घरात पंधरवड्याला लागायचा नाही.

"कळलं मला," तो म्हणाला.

"सरांनी सांगायला नको होतं."

"ते जाऊ दे. कमी आला म्हणून मला वाईट नाही वाटलं." सुरी दोनदा खटखटली. "खोटं बोललो. वाटलं. पण मुद्दा तो नाही. तू आजवर चुकलेली नाहीस. म्हणजे तुला काहीतरी दिसलंय. चार वर्षं नाक लावून बसलो तरी मला दिसलं नाही असं काहीतरी. आज दुपारभर मी आमचा गेम पहिल्यापासून बघत बसलो होतो, कुठे माती खाल्लीय ते शोधत. मला सापडेना. तू सांग. कुठे फसलंय?"

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. भांडणाची उत्तरं तिने बसमध्येच तयार केली होती.

"फसलेलं काही नाही," ती म्हणाली. "उशीर झाला. लोक कंटाळलेत. त्याचे कापले."

"उशिराचे?"

"हो."

त्याने सुरी खाली ठेवली. "पण पाचव्या भागालाही उशीर झाला होता की. जवळजवळ तेवढाच. त्या वेळी किती कापले होतेस?"

पाचव्या भागाच्या वेळी तिने उशिराचा एक छदामही कापला नव्हता. उलट तेव्हा तिने सगळ्यांना ठासून सांगितलं होतं की वाट बघितलेला माणूस दुकानात आधी पोचतो. आणि तसंच झालं होतं. त्याच यशाच्या मेजवानीत तिसऱ्या मजल्यावरचा एक लाजरा माणूस ताटली घेऊन तिच्याजवळ आला होता आणि म्हणाला होता, "तो आकडा तुमचाच ना?"

"काही नव्हते कापले," ती म्हणाली.

"मग आता का?"

"तेव्हा तू माझा कोणी नव्हतास म्हणून."

कांद्याने दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. मग त्याला हसू फुटलं.

"म्हणजे लग्न केलं म्हणून मला दंड झाला?"

"हसू नकोस. मला स्वतःची लाज वाटतेय."

"खरा आकडा किती होता?"

"तो नाही सांगणार."

"अगं, पण..."

"नियम आहे," ती म्हणाली आणि पदर नसताना पदराने पुसावेत तसे बाहीने डोळे पुसून ती आत गेली. दाराआड उभ्या असलेल्या सासूबाई तेवढ्यात चपळाईने भिंतीवरचं घड्याळ बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ती थेट संचालकांच्या खोलीत गेली. नशीब असं की ढोल तिथेच बसले होते.

"सर, आकडा बदलायचाय. अडतीस नाही. चव्वेचाळीस."

ढोल इतके मोठ्याने हसले की बाहेरची मंडळी काचेतून डोकावली. "घरून दट्ट्या आला वाटतं!"

ज्याच्या भीतीने तिने सगळं केलं होतं ते वाक्य असं टाळूवर येऊन आदळलं आणि तिच्या लक्षात आलं, की फार काही दुखलं नाही.

"दट्ट्या नाही आला," ती म्हणाली. "माझं मलाच कळलं. हिशोब चव्वेचाळीसच सांगत होता. गेम नवऱ्याचा आहे, लोक काय म्हणतील, म्हणून मी सहा लाख कापले आणि वर त्याला उशिराचं कारण चिकटवलं. दुसऱ्या कोणाचा गेम असता तर एक प्रत कापली नसती."

"अहो, पण आता हे खरं कशावरून?" ढोल म्हणाले. "काल रात्री जेवायला मिळालं नसेल, म्हणून आज चव्वेचाळीस."

"तुम्हाला पटवायला माझ्याकडे मागच्या सगळ्या गेमचे हिशोब आहेत. बघा. प्रत्येकात हीच पद्धत लावलीय, फक्त या एकात नाही."

संचालक दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "नवरा धरला तर अडतीस, नवरा सोडला तर चव्वेचाळीस."

"तसं नाही सर."

"तसंच आहे. मग असं करू. ना तुमचं, ना यांचं. एक्केचाळीस लाख छापा."

"सर, ही काय कोथिंबीर आहे का, मधला भाव करून घ्यायला?" ती भान सोडून बोलली. "एक्केचाळीसला काही आधारच नाही!"

"मी आधार आहे," संचालक म्हणाले आणि फोन उचलला.

गेम बाजारात आला त्या दिवशी सासूबाईंनी सकाळपासून धोशा लावला, मला दुकानात ने. नवऱ्याला कंपनीकडून फुकट प्रत मिळणार होती, घरात एक येणारच होती, पण त्यांना ते पटेना.

"फुकटची मोजत नाहीत ना?"

"नाही मोजत."

"मग मी विकत घेणार. एकाने का होईना, आकडा वर जाऊ दे."

दुकानाबाहेर रांग होती. कॉलेजची पोरं, ऑफिसला दांडी मारलेले बापे, एक डॉक्टरीणबाई तर गळ्यातला स्टेथोस्कोप न काढताच आलेली. सासूबाई गुडघा धरून रांगेत उभ्या राहिल्या आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगत सुटल्या, की यातली जनावरं माझ्या मुलाने चालवलीत. कोणी म्हणालं वा, कोणी त्यांना खुर्ची आणून दिली. वेधशाळा मात्र सवयीने रांग मोजायला लागली होती. मग तिने मोजायचं सोडून दिलं आणि नुसतंच बघत राहिली. आजवर तिने ही माणसं कागदावर लाखांनी पाहिली होती. समोरासमोर पहिल्यांदाच पाहत होती.

घरी येऊन तिघं टीव्हीपुढे बसली. नवऱ्याने खेळायला घेतलं. थोड्या वेळाने एका गुहेतून एक म्हातारा ड्रॅगन बाहेर आला. एक पाऊल टाकलं, थांबला, दुसरा पाय जरा फेंगडा टाकला, कण्हला आणि हळूच बाजूच्या खडकाला टेकला.

सासूबाई पुढे सरकल्या. "थांब. परत चालव त्याला."

नवऱ्याने परत चालवलं.

"मेल्या, ही तर मी!" त्या ओरडल्या. "जिना उतरताना मी अशीच उतरते!"

नवरा कानापर्यंत लाल झाला. "आई, म्हणजे... म्हातारं जनावर गुडघा कसा सांभाळतं ते मला कुठे बघायला मिळणार होतं?"

"आईला ड्रॅगन केलंस?" सासूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. वेधशाळेला वाटलं, आता घरात खरा वणवा लागतो. पण त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. ड्रॅगन खडकाला टेकून धापा टाकत होता. "एवढं बघत असतोस होय रे माझ्याकडे," त्या मग म्हणाल्या. "मला वाटायचं, तुझं लक्षच नसतं." आणि लगेच, "याला मारायचं नाही हं. बाजूने जा."

तो बाजूने गेला.

पहिला आठवडा असा गेला की वेधशाळा जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती. खप चव्वेचाळीसच्या वाटेवर धावत होता. ढोल लिफ्टमध्ये तिला पाहून, आपला मजला आलेला नसतानाही उतरून गेले. दुसराही आठवडा बरा गेला. तिसऱ्यात एका दुसऱ्या कंपनीने आपला जुना लोकप्रिय गेम अचानक निम्म्या किमतीला सोडला. हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. 'वणवा'चा जोर ओसरला. चौथ्या आठवड्यात तो रांगत रांगत पुढे सरकला. महिना संपला तेव्हा खप झाला होता एक्केचाळीस लाखांना थोडे हजार कमी.

संचालकांनी त्या दिवशी सगळ्या मजल्यांना पेढे वाटावेत तसे केक वाटले. गोदामात जेमतेम काही डबे उरले होते, कुठलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतलं नव्हतं, कंपनी तरली होती. "अंदाज कसा बांधायचा असतो बघा," ते टेबलावर हात टेकून सगळ्यांना सांगत होते. "माणसाला आतून कळावं लागतं." आणि मग वेधशाळेकडे वळून, अगदी मायेने, "तुम्हीही शिकाल हळूहळू."

ती काही बोलायला गेली, पण केक तोंडात होता. तिसऱ्या मजल्यावरच्या टोळीत उभ्या असलेल्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि हसू दाबताना त्याचे खांदे असे काही गदागदा हलले, की तिलाही ठसका लागला. ढोलांनी पाठीवर थाप मारायला हात उचलला, मग संकोचून पाण्याचा पेला पुढे केला. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांना हळू आवाज काढता येतो हे सगळ्यांना त्या दिवशी कळलं, "ती सवलतवाली मंडळी मध्ये कडमडली नसती, तर चव्वेचाळीसच झाले असते. मी रोज बघत होतो."

त्याच आठवड्यात तिने संचालकांना लेखी कळवलं, की सातव्या भागाचा आकडा तिच्याकडे देऊ नये. नवऱ्याचा गेम असला की तिच्या तराजूचा काटा हलतो, एकदा इकडे नाहीतर तिकडे. संचालकांनी कुरकुर केली, पण मानलं. पाचव्या मजल्यावर तिच्या हाताखाली एक नवी मुलगी आली होती, हुशार, कमी बोलणारी. काही वर्षांनी सातवा भाग तयार होत आला, तो तिच्याकडे गेला. वेधशाळेने तिला सगळी पद्धत शिकवली, लिफ्टमध्ये कोण काय म्हणतं ते कानामागे टाकायलाही शिकवलं, आणि बाजूला झाली. चौथ्या मजल्यावरच्यांनी तिला पुन्हा समोर बसवून नियम वाचून दाखवला. सातव्याचा आकडा आता तिच्याही कानावर जाता कामा नये.

ती मोकळी झाली होती. तरी रोज दुपारी त्या मुलीच्या टेबलावरून जाताना तिची पावलं आपोआप रेंगाळायची.

"काय मॅडम?" मुलगी पडद्यावर हात आडवा धरून विचारायची.

"काही नाही गं," वेधशाळा म्हणायची. "नुसती मान हलव. पन्नासच्या वर?"